न उघडलेला निळा डबा

फाटक पडलं होतं, आणि मालगाडी काही केल्या संपत नव्हती.

यानिना सायकलवरून एक पाय जमिनीला टेकवून उभी होती. मे महिना, म्हणजे या दक्षिणेकडच्या देशात थंडीची सुरुवात. हवेत गारठा मुरायला लागलेला, पासो देल साउसे गावाच्या सपाट माळावर धुकं अजून गुडघाभर साचलेलं. धान्याचा एक डबा गेला, दुसरा गेला, बाविसावा गेला... तेवढ्यात तिच्या शेजारी एक जुनी पांढरी फियाट येऊन थांबली. थांबता थांबता तिच्या पुढच्या चाकातून एक बारीक, लांबलचक आवाज निघाला — चींऽऽऽ.

दुसरी कुणी असती तर तिनं आधी गाडीतला माणूस बघितला असता. यानिनानं चाक बघितलं. सात वर्षं ती मामाच्या ब्रेकच्या दुकानात उभी होती. शाळेची बस असो, पाववाल्याची गाडी असो, समोरून जाणारं प्रत्येक वाहन वेळेवर थांबेल की नाही ही काळजी अख्ख्या गावात जणू तिला एकटीलाच होती.

तिनं काचेवर टकटक केलं. काच हळूहळू, कुरकुरत खाली आली.

"तुमची ब्रेकची पॅड संपत आलीत."

"नमस्कार," आतला माणूस म्हणाला. "मीही मजेत आहे."

"आवाज ऐकू येत नाही का?"

"येतो ना. मला वाटलं, मालगाडीचा आहे."

"मालगाडी आत्ता आली. तुमची पॅड महिनाभर ओरडत असतील."

तो विचारात पडला. तिशी ओलांडलेला, उन्हानं रापलेला, भुवया अशा की सतत कुणाची तरी माफी मागत असल्यासारख्या. गाडीतून मधाचा आणि धुराचा वास येत होता. समोरच्या काचेखाली एक मधमाशी सावकाश चालली होती आणि त्याला तिचं काही वाटत नव्हतं.

"मग घाबरायचं का?" त्यानं विचारलं.

"ओरडतायत तोवर नाही. ओरडायची थांबली, की घाबरायचं."

"माझी बहीण अशीच आहे," तो म्हणाला, आणि यानिनाला हसू आलं — नको असताना.

मालगाडीचा शेवटचा डबा गेला. फाटक वर जायला लागलं. मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला.

"रुळांपलीकडे, डाव्या हाताला नेल्सोचं दुकान," ती घाईनं म्हणाली. "आणि सावकाश चालवा!"

"बाई, गावात विचारा कुणालाही," तो गियर टाकत म्हणाला, "मला दुसरं काही येतच नाही."

*

तो आला दुसऱ्या दिवशी, दुकान उघडल्या उघडल्या. हातात मधाची बरणी.

"हे कशाला?"

"फुकट सल्ला घेतला काल. झोप लागली नाही."

नेल्सोमामा मागच्या बाकावर बसून नळीनं माते, तो पानांचा कडू काढा, ओढत होता. त्यानं चष्म्यावरून बघितलं. "हा तर फेर्मीन! मधवाला! गोगलगाय! अगं यानिना, याच्या मागं गाडी सापडली की माणूस म्हातारा होऊन घरी पोचतो."

"बघा," फेर्मीन यानिनाला म्हणाला, "म्हटलं नव्हतं?"

मग त्यानं काम सांगितलं. पुढच्या रविवारी पाऊण तासावरच्या ऑटोड्रोमवर, गाड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर, नवशिक्यांचा दिवस होता. ज्याला हवं त्यानं आपली रोजची गाडी आणायची आणि शर्यतीविना, नुसती मजा म्हणून, ट्रॅकवर फिरवायची. वाढदिवसाला त्याच्या बहिणीनं, देल्फिनानं, त्याचं नाव परस्पर घालून टाकलं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं — आयुष्यात एकदा तरी तिसऱ्या गियरच्या पुढे जा.

"तर मला सगळ्यात जबरदस्त पॅड हवीत. शर्यतीची."

"कोण म्हणालं?"

"दाजी. त्यांनीही अशीच पांढरी फियाट घेतलीय. शर्यतीची पॅड लावून बसलेत."

"दाजी काय करतात?"

"दात काढतात."

"मग दातांबद्दल त्यांचं ऐका," यानिना म्हणाली. तिनं खणातून दोन जुनी पॅड काढली आणि एकेक त्याच्या दोन तळव्यांवर ठेवलं. बोटं लागली की काय... लागली असावीत. "हे शर्यतीचं. गार असताना हे नुसतं लाकूड. चांगलं भाजून निघालं की मग असं धरतं, की बघत राहावं. पण तुम्ही पहिल्या वळणावर पोचाल ना, तेव्हा हे झोपलेलं असेल."

"आणि हे दुसरं?"

"रस्त्याचं. सकाळी उठल्या उठल्या कामाला लागतं. पण तुम्ही सरळ पट्ट्यावरून जोरात येणार, दाबणार, परत येणार, परत दाबणार... पाचव्या फेरीत हे तापून हात टेकतं. पेडल आहे तिथंच, पाय घट्ट दाबलेला, आणि गाडी आपली निघालीय पुढं."

फेर्मीन दोन्ही हात पुढे धरून उभा. "म्हणजे एक उशिरा उठणारं, आणि एक लवकर दमणारं."

"हो. घरून ट्रॅकवर याच गाडीनं जाणार ना? परतही हिनंच येणार?"

"मधाच्या बरण्यासुद्धा हिच्यातूनच पोचवतो."

"मग तुम्हाला मधलं लागेल. गार असतानाही धरणारं, आणि तापल्यावरही पटकन न सोडणारं. फार मोठेपणा नाही, पण भरवशाचं."

"असं काही मिळतं?" त्यानं तिच्याकडे बघत विचारलं — अगदी साध्या आवाजात, पण ती उगाच खण बंद करायला वळली.

"मागवावं लागेल. आठवडा लागेल. ब्रेक ऑइल कधी बदललंय?"

"ते बदलायचं असतं?"

मागच्या बाकावर मामाला ठसका लागला.

*

आठवडा लागेल असं सांगितलं होतं. पण तो दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्याही.

"आली का पॅड?"

"काल आठवडा म्हटलं ना मी?"

"म्हटलं, एखादे वेळी लवकर..." आणि बरणी पुढे. एक दिवस निलगिरीच्या फुलांचा मध, एक दिवस काटेरी रानफुलांचा, फिकट, जवळजवळ पांढरा. तो काउंटरला रेलून मधमाश्यांच्या गोष्टी सांगायचा. त्या घाईतल्या माणसाला कशा ओळखतात, हात झटकन पुढे आला की कशा बिथरतात. ती त्याला चाकांच्या गोष्टी सांगायची. त्याला ऐकून घेता यायचं. ऐकताना तो मान थोडी तिरकी करायचा, आणि मग दुकान बंद झाल्यावर, शटर ओढताना, ती तिरकी मान यानिनाला पुन्हा दिसायची.

"पोराला पॅडचा फारच जिव्हाळा," मामा म्हणायचा.

"मामा, तुम्ही तुमचं माते प्या."

यानिनाचा एक नियम होता. कुठलाही डबा गिऱ्हाइकाच्या हातात न उघडता द्यायचा नाही. आधी काउंटरवर उघडायचा, चारही पॅड शेजारी शेजारी ठेवायची, प्रत्येकावरून अंगठा फिरवायचा, मागचा नंबर वाचायचा. एकदा कारखान्यातूनच तीन डावी आणि एक उजवं आलं होतं, तेव्हापासून. लोक वैतागायचे. "बाई, लग्नाची साडी बघतेस का?" ती ऐकायची नाही.

गुरुवारी वायपर शोधायला ती शिडीवर चढली, तर सगळ्यात वरच्या फळीवर, पार मागे, निळा डबा. त्या मधल्या पॅडचाच! वर लिहिलेली गाडीही तीच. म्हणजे दुकानात होताच की एक! तिला आनंद झाला, आणि लगेच... कसंनुसं झालं. पॅड मिळाली म्हणजे उद्यापासून बरणी नाही.

फेर्मीन आलाच होता. खाली शिडी धरून उभा.

"मिळाली," ती वरूनच म्हणाली.

"अरेरे," तो म्हणाला.

ती थबकली. त्यानंही आपण काय बोललो हे तेव्हाच ऐकलं बहुतेक. कान लाल झाले त्याचे. मग दोघंही हसायला लागले — तो खालून, ती वरून, शिडी हलायला लागली इतके. ती खाली उतरली तेव्हा तिचे गाल तापले होते. बिलाच्या पाठीवर तिनं पॅड मुरवायची पद्धत लिहून दिली: सामसूम रस्ता बघा. ऐंशीचा वेग, मग वीसपर्यंत दाबत आणा. पूर्ण थांबू नका. असं दहा वेळा, मध्ये मध्ये गार होऊ द्या. पाचव्या-सहाव्या वेळेपासून पकड वाढलेली पायाला कळेल.

"आणि नाही कळली तर?"

"कळणार," ती ठामपणे म्हणाली, आणि निळा डबा त्याच्या हातात ठेवला.

तो गेल्यावर ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली.

शनिवारी सकाळी मागवलेलं पार्सल आलं. त्यात आणखी एक निळा डबा. "मामा, ही पॅड तुम्ही आधीच एकदा मागवली होती का?" तिनं विचारलं. मामानं वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. "असेल," तो म्हणाला. तिनं डबा उघडून पाहिला, चारही पॅड ठीक होती, बाजूला ठेवून दिला.

*

रविवारी दुकान बंद. यानिना दुकानामागच्या खोलीत राहायची. सकाळी सातला तिला दुकानातून खुडबुड ऐकू आली. बाहेर भुरभुर पाऊस. ती शाल गुंडाळून आली, तर नेल्सोमामा शिडीवर. खाली भिंतीला मासे धरायच्या गळाची काठी टेकवलेली.

"मासे आता फळीवर मिळतात होय?"

मामा शिडीवरून पडता पडता राहिला. "श्श! हळू बोल! इथला डबा कुठंय?"

"कुठला?"

"निळा! इथं मागं होता. दोन वर्षं इथंच आहे!"

"तो... विकला."

"विकला?" मामानं कपाळाला हात लावला. "अगं, त्यात माझी पॅड होती! शर्यतीची!"

दोन वर्षांपूर्वी मामानं आपली गाडी कुंपणात घातली होती, आणि त्यानंतर ओल्गामामीला शब्द दिला होता की ट्रॅकचं नाव काढणार नाही. शर्यतीची पॅड घरात ठेवायची सोय नव्हती. टाकवत तर नव्हती. मग बायकोला कळू नये म्हणून ती साध्या निळ्या डब्यात घालून फळीवर दडवली होती. आज चोरून ट्रॅकवर जायचं होतं, आणि मामीला सांगितलं होतं, तळ्यावर चाललोय.

यानिना शिडीपाशी आली.

"मामा... तो डबा फेर्मीन घेऊन गेला."

मामाचा चेहरा उतरला. बाहेर पाऊस. गार रस्ता. गार पॅड. आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी ते वळण, जिथं मामासारखा मुरलेला माणूससुद्धा कुंपणात गेला होता.

"तू उघडून नाही बघितलास?" मामानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच जास्त लागलं. "तू?"

ती फोनकडे वळली. ऑर्डरच्या चिठ्ठीवर फेर्मीनच्या घरचा फोन होता, तेवढाच. ती लावत राहिली. घंटा वाजत राहिली. मधाच्या त्या रिकाम्या घरात, कुणी नसताना.

"चल," मामा म्हणाला. "बस गाडीत. तो दुसरा डबा घे."

*

पाऊण तासाचा रस्ता. मामाची फियाट, खिडकीतून बाहेर आलेला गळ, मांडीवर निळा डबा दोन्ही हातांनी धरलेला. वायपर इकडून तिकडे जात होते आणि यानिनाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र: फेर्मीन, मान तिरकी, पाय पेडलवर, आणि गाडी थांबत नाहीये. तो माझ्यावर विसंबलाय. मी 'कळणार' म्हटलं. मी ठणकावून म्हटलं.

"सावकाश चालवणारा माणूस आहे," मामा म्हणाला. "इतकी घाबरू नकोस."

"आज सावकाश चालवायला गेला नाहीये तो!"

"गिऱ्हाइकासाठी अशी रडताना मी तुला कधी पाहिलं नाही."

"मी रडत नाहीये."

"बरं, बरं. पाऊस गाडीच्या आत येतोय म्हणायचा."

ऑटोड्रोमच्या फाटकापाशी पोचले तेव्हा लाउडस्पीकर ओरडत होता. पहिला गट ट्रॅकवर उतरला होता. मामानं गाडी नीट थांबवलीही नसेल, यानिना उतरून पळत सुटली. चिखल, ओलं गवत, कोळशाच्या शेगड्यांचा धूर, छत्र्या घेऊन उभी माणसं. ती तारेच्या कुंपणाशी पोचली, बरोबर त्या वळणाजवळ.

सरळ पट्ट्यावरून एक पांढरी फियाट येत होती. मागे पाण्याचा फवारा.

वळणाला शंभर मीटर राहिल्याची पाटी गेली.

"दाब," यानिना पुटपुटली. "दाब ना..."

पन्नासची पाटी. मागचा फवारा ब्रेकच्या दिव्यांनी लाल झालेला तिला दिसला. म्हणजे तो दाबत होता. दाबत होता, आणि गाडी आहे त्या वेगात पुढेच येत होती. वळण आलं. गाडी वळली नाही. सरळ गवतात शिरली, एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, चिखल उडवत दूर जाऊन आरामात उभी राहिली.

यानिनानं तार इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले. गाडीचं दार उघडलं. हेल्मेट घातलेला माणूस बाहेर आला. त्यानं हेल्मेट काढलं. खाली एक गोल, टकला, भांबावलेला चेहरा.

फेर्मीन नव्हता.

"ते दाजी," तिच्या मागून कुणीतरी म्हणालं. "सकाळपासून सांगतोय त्यांना. ऐकत नाहीत."

ती वळली. फेर्मीन उभा होता, बाह्या सरसावलेल्या, हात कोपरापर्यंत काळे, केसांतून पाणी ठिबकत असलेला. धडधाकट. तिच्या छातीतून इतका मोठा श्वास बाहेर पडला की तोच दचकला.

"तुम्ही इथं? काय झालं? बसा. अहो, पडाल तुम्ही..."

"तुम्ही ट्रॅकवर नाही गेलात?"

"पॅडशिवाय कसा जाऊ?"

*

त्याची गाडी मधमाश्यांच्या पेट्या वाहायच्या ट्रॉलीवरून आली होती, बहिणीच्या टेम्पोमागे बांधून, इथं कुणाकडे तरी पॅड मिळतील या आशेनं. पुढची दोन्ही चाकं काढलेली. ओल्या ताडपत्रीवर मामाची चार पॅड ओळीनं मांडलेली होती, शेजारी यानिनाच्या हस्ताक्षरातला तो कागद, दगडाखाली.

"काल सकाळी बसवली," तो सांगायला लागला. "धान्याच्या गोदामामागच्या रस्त्यावर गेलो. तुम्ही लिहिलंत तसं. ऐंशी ते वीस. दहा वेळा. पाचव्याला काही कळलं नाही. सहाव्याला नाही. दहाव्यालाही पेडल लाकडासारखं, नुसती शिट्टी वाजतेय. मग मी अकराव्यांदाही केलं."

"अकराव्यांदा कशाला?"

"माझंच चुकलं असेल म्हणून." तो क्षणभर थांबला. "मग विचार केला. दोनच गोष्टी असू शकतात. एकतर यानिनाबाईंनी चुकीचं लिहिलं, नाहीतर डब्यात भलतंच काहीतरी आहे. पहिलं काही पटेना."

यानिना खाली बघत राहिली.

"मग मला का नाही सांगितलं?"

"आलो होतो ना. काल दुपारी. दीड वाजता."

"दीडला दुकान बंद असतं. सगळं गाव झोपलेलं असतं."

"तेच तर. दुपारच्या झोपेतून माणसाला उठवायचं म्हणजे... मी एका बोटानं वाजवलं शटर. दोनदा. मग तासभर पायरीवर बसलो. पेट्या हलवायच्या होत्या, निघावं लागलं. फोनही केला, तर लागेना."

मामा जेवला की रिसीव्हर काढून ठेवायचा. आणि यानिना... यानिना काल दुपारी जागीच होती! शटर बारीक वाजलेलं तिनं ऐकलं होतं आणि वारा समजून कूस बदलली होती. तो तासभर पलीकडे बसलेला, मध्ये पत्र्याचा एक पडदा.

"जोरात वाजवायचं!" ती जवळजवळ ओरडली. "शटर तोडायचं! ही काय रीतभात पाळायची वेळ होती?"

"तुमची झोपमोड झाली असती."

"फेर्मीन! माझी झोप गेली चुलीत!" आणि मग मात्र खरंच तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते लपवलेही नाहीत. "चूक माझी आहे. मामानं आपली पॅड त्या डब्यात लपवली होती, पण ते मला दिसायला हवं होतं. मी प्रत्येक डबा उघडते. सात वर्षांत एकही न उघडता दिला नाही. तुमचा तेवढा..."

"माझा का नाही उघडलात?"

पाऊस ताडपत्रीवर टपटपत होता. पलीकडे दाजी दोन माणसांच्या मदतीनं चिखलातून गाडी ढकलत होते.

"तुम्ही 'अरेरे' म्हणालात," यानिना म्हणाली. "पॅड मिळाली तर कुणी 'अरेरे' म्हणतं का? नंतर... नंतर मला डबा दिसतच नव्हता."

फेर्मीन जवळ आला. त्यानं हात पुढे केला, मग तो काळा आहे हे लक्षात येऊन मागे घेतला, पँटला पुसला, तरी काळाच राहिला.

"ओल्या माणसाला काळं लागलं तर काही बिघडत नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात मागून मामाचा आवाज. "माझी लेकरं!" म्हणत त्यानं ताडपत्रीवरची चारही पॅड उचलून रुमालात गुंडाळली. त्याच वेळी त्याच्या खिशातला फोन वाजला. ओल्गामामी होती, आणि तिचा आवाज चार पावलांवर ऐकू येत होता.

"चावतायत का मासे?"

"हो, हो, चांगले..." मामा म्हणाला, आणि लाउडस्पीकरनं नेमकं तेव्हाच गरजून दुसऱ्या गटाच्या गाड्यांना रांगेत यायला सांगितलं.

मामानं फोन कानापासून लांब धरला.

"फार आरडाओरडा करतात आज मासे," मामी म्हणाली. "संध्याकाळी दोन किलो घेऊन ये. ताजे. नाहीतर तिथंच झोप त्यांच्यात."

मामा मुकाट्यानं गळ घेऊन खरंच तळ्याच्या दिशेला निघाला.

*

नवी पॅड दोघांनी मिळून बसवली. या वेळी निळा डबा तिनं उघडला, चारही पॅड शेजारी ठेवली, अंगठा फिरवला, नंबर मोठ्यानं वाचले. "लग्नाची साडी बघताय का?" फेर्मीननं विचारलं. तिनं पाना त्याच्या दिशेनं उगारला. जुनं काळपट ब्रेक ऑइल काढलं, नवं भरलं, तो पेडल दाबायचा, ती चाकापाशी बसून "हं... सोडा... हं..." म्हणायची. मग ऑटोड्रोममागच्या सामसूम रस्त्यावर दहा वेळा, ऐंशी ते वीस. सहाव्या वेळी फेर्मीनचे डोळे मोठे झाले.

"कळलं!"

"म्हटलं होतं ना."

"पायाला कळलं हो!"

नवशिक्याच्या शेजारी जाणकार माणूस बसायची मुभा होती. यानिनानं उसनं हेल्मेट घातलं. तिसऱ्या गटात ते उतरले, आणि गावाला जे माहीत होतं तेच झालं. सगळ्यांनी त्यांना मागे टाकलं. सरळ पट्ट्यावर फेर्मीननं दोनशेची पाटी यायच्याही आधी ब्रेक मारला.

"अजून नाही!"

"वळण आलं की!"

"ते पुढच्या जिल्ह्यात आहे. सोडा पाय."

दुसऱ्या फेरीत दीडशेला. "अजून नाही... अजून नाही... आता!" गाडीनं नाक खाली घातलं, पट्टे छातीला आवळले, आणि वळण समोर आलं ते इतकं संथ, इतकं शहाण्यासारखं, की यानिनाला हसू फुटलं. गाडी थांबत होती. दाबलं की थांबत होती. या जगात याहून सुंदर काही असेल असं तिला त्या घडीला वाटलं नाही.

सहाव्या फेरीत फेर्मीननं एका गाडीला मागे टाकलं. दाजी होते.

"देल्फिनाऽऽ!" तो हेल्मेटमध्ये ओरडला. "चौथा गियर!"

शेवटची फेरी ब्रेकला हात न लावता सावकाश मारायची, गाडीला वारा लागू द्यायचा. तीही झाली. गाड्या लावायच्या उतरत्या जागेवर फेर्मीननं फियाट आणून उभी केली, आणि सवयीनं त्याचा हात हँडब्रेककडे गेला.

"नको!" यानिनानं वरून हात ठेवला. "सगळं तापलंय. आत्ता ओढलात तर आवळून बसेल. गियरमध्ये राहू द्या."

"बरं." त्यानं गियर टाकला. इंजिन बंद केलं. हात मात्र तिथंच राहिला, आणि तिचा त्यावर.

पुढच्या चाकांवर पावसाचे थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंबाची वाफ होऊन वर येत होती. काचेवर धुकं धरलं. बाहेर कुणीतरी शेगडीवर मांस लावलं होतं, त्याचा वास येत होता.

"आता दुकानात यायला मला कारण उरलं नाही," तो समोर बघत म्हणाला. "पॅड झाली, ऑइल झालं. मागच्या चाकांची बदलावीत, तर तिथं पॅडवाले ब्रेकच नाहीत. रात्रभर विचार केला तरी दुसरं काही सुचणार नाही."

"कारण लागतं?"

"मला लागतं. मी तसा... सावकाश माणूस आहे. पण मला रोज यायचंय, यानिना. पॅड संपली नसली तरी. तुमच्या नियमात हे बसतं का?"

तिनं मोकळ्या हातानं काचेवरचं धुकं पुसलं.

"ये," ती म्हणाली. "आणि शटर जोरात वाजव. झोपले असले तरी."

तो हसला. त्यानं बोटं उलगडली, आणि तिची बोटं त्यात गेली — काळी, ओली, ऑइलचा वास असलेली.

"हँडब्रेकपाशी हात किती वेळ ठेवायचा असतो?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"ब्रेक गार होईपर्यंत."

ते बसून राहिले. पाऊस पडत राहिला. गाड्या एकेक करून बाहेर पडल्या, दाजींनी काचेपाशी येऊन हात हलवला आणि कुणाचं लक्ष नाही बघून निघून गेले.

"वाफ यायची थांबली," फेर्मीन हळूच म्हणाला.

"दिसतंय मला," यानिना म्हणाली. "गप्प बस."